आधी कोणाचं नाव

रोज सकाळी डुकरांसाठी रताळ्याचे वेल शिजत ठेवले की लामरिया आल्याच्या कोमट पाण्याने दोन चुळा भरायची आणि हंड्यातलं दांडकं फिरवत चर्चच्या मंडळीतली नावं म्हणायला लागायची. लुम्बान तोंगा गावाच्या वरच्या टोकाच्या घरापासून सुरुवात, मग उतार उतरत तळ्याकाठच्या शेवटच्या घरापर्यंत. एकशे बारा घरं. प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर दोन्ही सुटी ऐकू आली पाहिजेत, नाहीतर ते नाव ती पुन्हा घ्यायची. हंडा उतरेपर्यंत यादी संपलेली असे.

शेजारीण कुडापलीकडून ओरडायची, "अरे, लामरियाच्या डुकरांना कोणीतरी बाप्तिस्मा द्या! मंडळीची अख्खी यादी पाठ आहे त्यांना."

"तुझ्या नवऱ्याच्या आधी पाठ झाली," लामरिया म्हणायची आणि पुढचं नाव घ्यायची.

ती गोड बाई नव्हती. उंच, हाडापेराने रुंद, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. चौतिसाव्या वर्षी नवरा गेला. मूल झालं नव्हतं. इथे माणसाला त्याच्या लेकराच्या, पुढे नातवाच्या नावाने हाक मारतात. अमक्याचा बाप, तमक्याची आजी. लामरिया आयुष्यभर नुसती लामरिया राहिली. उघडं नाव, अंगावर पांघरूण नसल्यासारखं. त्याचं वाईट वाटून घ्यायचे दिवस तिने कधीच संपवले होते, असं ती सांगायची. सांगायची म्हणजे कोणी विचारलं नसतानाही सांगायची.

तिला आवाजाचा एवढा सोस का, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. रविवारी उपासनेच्या मध्यावर मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी, एक जण उभा राहून सूचना वाचतो. कोण जन्मलं, कोण वारलं, कोणाचं लग्न ठरलं, पाळक कोणत्या दिवशी कुठल्या वाडीत येणार. लोक त्यावर आपला आठवडा लावतात. लामरियाची आई वारली तेव्हा सूचना वाचायला एक म्हातारे वडील होते. ते हनुवटी छातीला लावून वाचत; शब्द त्यांच्या कॉलरमध्ये पडत आणि तिथेच राहत. पुरण्याची वेळ कोणालाच कळली नाही. जो तो अंदाजाने निघाला. आईच्या माहेरची माणसं पलीकडच्या काठाहून नावेने आली तेव्हा पाळक दुसऱ्या गावी निघून गेले होते आणि खड्डा भरून झाला होता. मामाच्या हातात माहेरचं वस्त्र होतं, शेवटचं पांघरायचं. त्याने ते दोनदा उलगडलं, मातीकडे बघितलं, पुन्हा घडी घातली आणि नावेत जाऊन बसला. लामरिया तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती म्हाताऱ्या वडिलांच्या घरी गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "तोंड उघडायला काय होत होतं तुम्हाला?"

तेव्हापासून गावाने तिला माफ केलं नव्हतं, आणि तिने गावाला.

एकेचाळिसाव्या वर्षी ती वडीलमंडळात निवडून आली, कारण त्या वर्षी दुसरं कोणी उभं राहायला तयार नव्हतं. काळा झगा घालून ती पहिल्यांदा सूचना वाचायला उभी राहिली तेव्हा पुरुषांच्या बाकांवरचे काही जण मुद्दाम खिडकीतून तळं बघत बसले. तिने वाचलं. एवढं स्वच्छ की दाराबाहेर चपलांपाशी बसलेल्या बहिऱ्या म्हातारीनेही मान वर केली. खिडकीतून बघणाऱ्यांना बघत राहावं लागलं, पण ऐकू आलं नाही असं त्यांना कधीच म्हणता आलं नाही.

दुसऱ्या वर्षी तिने सूचनांच्या शेवटी एक वाक्य जोडायला सुरुवात केली. कोणालाही न विचारता.

"मागच्या आठवड्यात पावसात चर्चच्या पायऱ्यांवरचं शेवाळ कोणीतरी खरवडून काढलं," ती वाचत होती. "ते रोमिआनने काढलं. आता म्हातारी माणसं घसरणार नाहीत. तिचे आभार."

बायकांच्या बाकावर रोमिआनने तोंड ओढणीत लपवलं. तिच्या सासूने शेजारणीला सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "घरच्या पायऱ्यांवर गुडघाभर शेवाळ आहे हो आमच्या."

त्या चर्चमध्ये स्तुती देवाची होत असे आणि त्याच्या खालोखाल देणगीदारांची. साध्या माणसाचं साधं काम नाव घेऊन सांगायचं, हा काय प्रकार? ताडीच्या गुत्त्यात चर्चा झाली. हिला काय हवंय? वडीलमंडळाचं प्रमुखपद? की म्हातारपणी कोणी भाताला विचारावं म्हणून आत्तापासून पेरणी? त्या वर्षी मंडळीत चांगली कामं चोरून व्हायला लागली. एकाने घंटेचा दोर बदलला आणि शपथेवर सांगितलं की तो आपण नव्हेच. लामरियाने तरी शोधून काढलं आणि वाचलं. ती माया म्हणून नव्हे, हिशेब चुकू नये म्हणून वाचते आहे असं वाटायचं. आवाजात ओलावा शोधून सापडत नसे. पण पायऱ्यांवर पुन्हा शेवाळ धरलं नाही. आणि दरीपलीकडची एक विधवा, जिचं "ही दर रविवारी दोन डोंगर उतरून येते आणि गाण्याच्या आधी पोचते" एवढंच वाचलं गेलं होतं, ती त्यानंतर गाण्याच्या बरीच आधी पोचायला लागली.

अशी आठ वर्षं गेली. मग सुगीच्या सणाच्या दहा दिवस आधी वादळ आलं आणि चर्चच्या छपराचे चोवीस पत्रे उडवून घेऊन गेलं.

पत्रे पारलिनने बसवले. पारलिन हा ओम्पू बिन्सारचा घरजावई. ओम्पू बिन्सार म्हणजे बिन्सारचा आजा, गावातला सगळ्यांत वजनदार म्हातारा. चर्चची जमीन त्याच्या आज्याने दिलेली. निम्म्या गावात त्याच्या कुळातल्या मुली नांदत होत्या, आणि इथे लेक देणाऱ्यांचा मान लेक घेणाऱ्यांच्या डोक्यावर असतो. लामरिया स्वतः त्याच कुळातली, त्याची चुलत बहीण. पारलिन दूरच्या गावाहून येऊन सासऱ्याच्या जमिनीवर राहत होता. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून त्याला अमक्याचा बापही म्हणता येत नसे. सगळं गाव त्याला 'जावई' म्हणायचं. जावई, लाकडं फोड. जावई, डुक्कर धर.

उडालेले पत्रे त्याने शेतांतून, झाडांवरून, एक तर तळ्यातून गोळा केले, ठोकून सरळ केले आणि पाच दिवस एकटा छपरावर बसून परत लावले. ओम्पू बिन्सारचे तिघे मुलगे खालून सूचना देऊन गेले.

सुगीच्या सणाला विभागाचे मुख्य पाळक आले होते. चर्च खचाखच भरलं होतं. मंडळीचे तरुण पाळक हुलमान यांनी आभारांची यादी स्वतःच्या हाताने लिहून लामरियाला दिली होती, आणि ती रीतीला धरून होती. आधी लेक देणारे, मग भाऊबंद, शेवटी लेक घेणारे. डुक्कर कापलं तरी जबड्याचा वाटा कोणाचा आणि बरगडीचा कोणाचा हे इथे याच क्रमाने ठरतं. ओम्पू बिन्सारचं नाव सर्वांत वर होतं. पारलिनचं सर्वांत खाली.

चर्चमध्ये शिरताना लामरियाने पारलिनला मागच्या अंगणात बघितलं होतं. जेवणावळीचं काम लेक घेणाऱ्यांनी करायचं असतं, त्यामुळे तो चुलीपाशी राखेने हंडे घासत होता. पत्र्यांनी कापलेली बोटं त्याने चिंधीत गुंडाळली होती आणि चिंधी काळी झाली होती. आत सगळे बसलेले, हा बाहेर.

ती वाचायला उभी राहिली. यादीकडे बघितलं. आणि खालून सुरुवात केली.

"पारलिन. पाच दिवस तो छपरावर एकटा होता. चोवीस पत्रे त्याने बसवले. आज आपण कोरडे बसलो आहोत ते त्याच्यामुळे. त्याचे आभार." मग तिने श्वास घेतला. "ओम्पू बिन्सार यांचे आभार."

त्यांच्या नावापुढे सांगण्यासारखं काही तिला आठवलं नाही, म्हणून तिने काही सांगितलं नाही.

मुलं गप्प झाली. ओम्पू बिन्सार पहिल्या बाकावरून उठले. काठी न टेकता.

"इतो," ते म्हणाले. बहीणभाऊ एकमेकांना हाक मारतात तशी हाक, आवाजही मऊच. "पुन्हा वाच."

"ऐकू आलं नाही का?"

"ऐकू आलं. म्हणूनच म्हणतो. पुन्हा वाच."

म्हाताऱ्याने दार उघडून धरलं होतं. क्रम बदलून वाचला असता की संपलं असतं. डोळ्यांचा, कागदाचा, कशाचाही दोष सांगता आला असता. लामरियाने पुन्हा वाचलं. त्याच क्रमाने. आणखी थोडं मोठ्याने.

ओम्पू बिन्सारनी गीतपुस्तक काखेत मारलं आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेले. त्यांच्यामागे त्यांचे मुलगे, सुना, पुतणे, पुतण्यांच्या बायका. चाळीसच्या वर माणसं. पारलिन हातातला हंडा तसाच ठेवून, कोणाच्या तरी खुणेवर, त्यांच्यामागे पळत गेला. जेवणाच्या वेळी ओम्पू बिन्सारच्या मानाचा वाटा केळीच्या पानावर वाढलेला तसाच पडून राहिला. दुसऱ्या कोणी तो घ्यायचा नसतो. दुपारपर्यंत त्याच्यावर माशा बसल्या.

पुढच्या रविवारी उजवीकडचे बाक रिकामे होते. ओम्पू बिन्सारच्या भाताच्या कोठारात वेगळी प्रार्थना सुरू झाली होती. गाण्यांचा आवाज उतारावरून इथवर यायचा, मुद्दाम तीच गाणी, मुद्दाम अर्धा श्वास आधी. वाद्य वाजवणारा एकमेव माणूस तिकडे गेला होता. इकडची मंडळी नुसत्या गळ्याने गायची आणि दुसऱ्या कडव्यात भरकटायची.

बाजारात सुकी मासळी विकणारीने लामरियाला हात हलवून मागे थांबवलं. "थांब हं. आधी जावयाला देते. त्याचं नाव आधी ना?" भोवतालच्या बायका फिसकन हसल्या. "उरलं तर तुला."

"उरलेलं विकायचीच सवय आहे तुला, वासावरून कळतं," लामरिया म्हणाली. पण त्या दिवशी ती मासळीशिवाय घरी आली.

तिसऱ्या आठवड्यात पारलिनची बायको तिआमिन आली. ओम्पू बिन्सारची धाकटी मुलगी. लामरिया तिची आत्या, नाम्बोरू. ती अंगणातच उभी राहिली.

"समाधान झालं का, नाम्बोरू?"

"आत ये."

"आत यायला मी पाहुणी नाही. बापाने पाटाचं पाणी तोडलंय आमच्या शेताचं. भावांनी बांध घातलाय. रोपं पिवळी पडलीत. आठ दिवसांत पाणी आलं नाही तर गुरांना घालावी लागतील. आभार म्हणे! तुझ्या त्या एका वाक्याने आमची चूल विझवली."

"मी खोटं वाचलं का?"

"खरं वाचायला तुला सांगितलं कोणी होतं?" तिआमिनचा आवाज फाटला. "तुझं काय जातं? तुला ना नवरा, ना पोर, ना कोणाचं पाणी लागत. उभं राहायचं आणि वाचायचं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी पारलिन स्वतः आला. तो कधी कोणाच्या घरी आपणहून जात नसे. ओट्याच्या कडेला, अर्ध्या पार्श्वभागावर बसला.

"इनांग, चूक झाली असं म्हणा." मानाच्या बाईला इनांग, म्हणजे आई, आणि पुरुषाला आमांग, म्हणजे बाप, अशी इथे हाक मारतात.

"कशाची चूक?"

"कशाचीही. चष्म्याची म्हणा."

"मला चष्मा नाही."

"मग नसल्याची म्हणा." तो क्षणभर हसल्यासारखा झाला, मग राहिला. "मी कधी मागितलं होतं का? मी छपरावर होतो ना, तेव्हा बरं वाटत होतं मला. पाच दिवस कोणी हाक मारली नाही. वरून सगळं गाव दिसतं, तळं दिसतं, माझं गाव आहे ना, तो पलीकडचा डोंगरही दिसतो. ते माझं होतं. तुम्ही ते उचललंत आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात घातलंत."

तो म्हणत होता ते बरोबर होतं. पहिल्यांदा वाचलं ते पारलिनसाठी. दुसऱ्यांदा वाचलं ते त्याच्यासाठी नव्हतं. चर्च गप्प झालं, आपल्या आवाजापुढे चाळीस माणसं आणि एक म्हातारा गप्प झाला, आणि तिला ते आवडलं होतं. आईच्या खड्ड्यापासून साठवलेलं काहीतरी तिने त्या दुसऱ्या वाचनात ओतलं होतं, आणि नाव मात्र या माणसाचं वापरलं होतं.

"भात खाऊन जा," ती म्हणाली.

"नको. बघतील," पारलिन म्हणाला आणि निघाला.

शनिवारी वडीलमंडळाची बैठक बसली. पाळक हुलमान हात चोळत होते. "इनांग, एवढंच वाचा, की त्या दिवशीचं वाचन चुकीचं होतं. सगळं मागे घेतो असं. दोन ओळी आहेत. मी लिहून आणल्यात."

"क्रम चुकला हे मी वाचेन, आमांग. पत्रे पारलिनने बसवले नाहीत असं कसं वाचू? वर बघा. सणाला पाऊस पडला आणि तुमच्या टकलावर थेंब आला नाही."

एक वडील टेबलावर हात आपटून म्हणाले, "हीच! हीच जीभ! मंडळी फुटली तरी हिची जीभ शाबूत पाहिजे."

"पुढच्या रविवारी वाचा," पाळक तिच्याकडे न बघता म्हणाले, "नाहीतर झगा उतरवून ठेवा. मुख्य पाळकांनी कळवलंय. कोठारातल्या लोकांनी वेगळ्या चर्चसाठी अर्ज केलाय. तो मंजूर झाला की परत जोडणं नाही."

म्हणजे तीन गोष्टी एकाच दोरीला बांधल्या होत्या. पारलिनचं पाणी, मंडळी आणि तिचा झगा. पैकी एक सुटली तर बाकीच्या दोन राहतील का, याचा विचार करत ती घरी आली आणि डुकरांपुढे उभी राहिली.

लेक देणाऱ्यांचा अपमान झाला की घेणाऱ्याने मांस-भात शिजवून त्यांच्या दारी जायचं आणि पुढ्यात ठेवून क्षमा मागायची, ही रीत. पारलिन गेला असता तर कबुली झाली असती, ज्याचा गुन्हाच नव्हता त्याची. पण लामरियाही त्या कुळाची दिलेली लेक होती. मांस घेऊन जाण्याचा हक्क तिचाही होता. नवऱ्याच्या चुलत भावांना तिने सोबत बोलावलं. दोघांनी पाठदुखीचं कारण सांगितलं, तिसरा आला, तोही वाटभर कुरकुरत. तिने सगळ्यांत मोठं डुक्कर कापवलं, डोकं-जबडा अख्खा ठेवून शिजवलं आणि बुधवारी सकाळी टोपली डोक्यावर घेऊन उतार चढली. वाटेतल्या दारांतून लोक बघत होते. हाक कोणी मारली नाही.

ओम्पू बिन्सारनी तिला ओसरीवर बसवून ठेवलं. आतून पान कुटण्याचा आवाज येत होता. भात निवला. मग ते बाहेर आले, चटईवर बसले आणि टोपलीवरचं पान उचलून आत बघितलं.

"हेच का ते? रोज सकाळी माझं नाव ऐकणारं?"

"हेच. तुमचं नाव पहिलं असायचं, इतो. तुमचं घर सर्वांत वर आहे ना."

"डुकरांपुढे मी पहिला. देवापुढे जावई पहिला."

तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. शिकवलं होतं तसं, लहानपणी, याच ओसरीवर. "क्रम चुकला, इतो. एकदा चुकला तेव्हा मला राग आला होता. दुसऱ्यांदा चुकला तो मी जाणून चुकवला. तुम्ही संधी दिली होती. मी ती सगळ्यांसमोर तुमच्या तोंडावर फेकली. त्याची क्षमा मागायला आले आहे."

म्हातारे पान चघळत राहिले. "आणि ते वाक्य?"

"वाक्य खरं आहे."

"माझी तिन्ही पोरं आळशी आहेत असं तू अख्ख्या विभागासमोर वाचलंस."

"तुमच्या पोरांचं नावही घेतलं नाही मी."

"न घेताच ऐकू गेलं!" त्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला. आतली भांडी थांबली. "जावयाला एवढं मोठं वाक्य, आणि मला? 'ओम्पू बिन्सार यांचे आभार.' बस. जसं काही दारावरच्या कुत्र्याला हाड टाकलं. जमीन माझ्या आज्याची. मी मेलो की काय वाचशील? 'तेही होते' म्हणून?"

लामरियाने मान वर केली. क्रम, रीत, पोरं या सगळ्यांखाली हे होतं तर. हा म्हातारा पंचेचाळीस वर्षं पहिल्या बाकावर बसत होता, त्याचं नाव दर सणाला पहिलं वाचलं जात होतं, आणि नावापुढे कधीच काही नसायचं. आठ वर्षं तीही रोमिआनचं शेवाळ शोधत फिरली होती. या दारात तिने कधी बघितलं नव्हतं. इथे काय असणार, असं समजून.

खोटं तिला वाचता येत नव्हतं.

"ते पाच दिवस नांगरणीचे होते," ती सावकाश म्हणाली. "तुमच्या शेतावर माणूस कमी होता. तुम्ही जावयाला छपरावरून खाली बोलावलं नाहीत. बोलावलं असतंत तर तो आला असता आणि सणाला आपण भिजलो असतो. हे वाचू का?"

ओम्पू बिन्सारनी पानाचा चोथा अंगणात थुंकला.

"तिसऱ्या दिवशी ओरडलो होतो त्याच्यावर," ते म्हणाले. "दुपारभर ठेवून घेतला खाली."

"मग चार दिवस वाचते."

आतून कोणीतरी, बहुधा म्हातारी, हसली आणि लगेच खोकली. ओम्पू बिन्सार हसले नाहीत. त्यांनी जबड्याचा वाटा स्वतःकडे ओढला. म्हणजे क्षमा घेतली. मग बोट उचललं.

"बांध आज काढायला सांगतो. माझी माणसं रविवारी येतील. तू योग्य क्रमाने वाचशील. आणि ते वाचून झालं की झगा उतरवशील. पुन्हा त्या जागी तू मला दिसायची नाहीस."

"क्षमा घेतलीत ना?"

"क्षमा घेतली. विश्वास नाही घेतला."

लामरियाने टोपली उचलली. नाही म्हणता येत होतं. पाळकांच्या दोन ओळींपुढे ती नाही म्हणाली होतीच. पण इथे कोणी तिला खोटं वाचायला सांगत नव्हतं. फक्त शेवटचं वाचायला सांगत होतं.

"चालेल," ती म्हणाली.

त्या रविवारी दोन्हीकडचे बाक भरले. कोणी कोणाशी बोललं नाही. उजवीकडचे डावीकडच्यांच्या गाण्यावर कुरघोडी करत गात होते. लामरियाने वाचलं. आधी ओम्पू बिन्सार, चार दिवसांसह. मग भाऊबंद, ज्याचं जे केलेलं काम तिला चार दिवसांत दारोदार विचारून कळलं होतं त्यासह. ओम्पू बिन्सारच्या मधल्या मुलापुढे "याने खालून शिडी धरली" एवढंच होतं. त्याने शिडी खरंच अर्धा दिवस धरली होती, हे तिला पारलिननेच सांगितलं होतं. सर्वांत शेवटी पारलिन, पाच दिवस, चोवीस पत्रे. या वेळी तो आत बसला होता, दाराशी. पहिल्या बाकावर ओम्पू बिन्सारनी आपल्या वाक्याला मान हलवली नाही, पण काठीवरचा हात दोनदा उघडला, मिटला.

वाचून झाल्यावर तिने झगा उतरवून घडी घातली, मेजावर ठेवला आणि बायकांच्या बाकांमध्ये तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. कोणी सरकून जागा दिली नाही. ती कडेला बसली.

तिच्या जागी ओम्पू बिन्सारचा पुतण्या आला. तो वाचतावाचता पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा. पुढची अकरा वर्षं लामरिया तिसऱ्या रांगेतून म्हणत राहिली, "ऐकू आलं नाही. पुन्हा." मरणाची, लग्नाची सूचना असली की हमखास. लोक दात ओठ खायचे. पुतण्याने दोनदा राजीनामा दिला. पण पुरण्याची वेळ त्या मंडळीत पुन्हा कोणाची चुकली नाही. आभाराचं वाक्य मात्र बंद झालं ते झालंच. कधी एखाद्या रविवारी पुतण्या यादी संपवून उगीच जरा थांबायचा, काहीतरी राहिल्यासारखं, आणि मग बसायचा.

पारलिन तिच्याशी रस्त्यात बोलत नसे. त्या रविवारनंतर आठव्या वर्षी त्यांना मुलगी झाली आणि तो मरिंतानचा बाप झाला. मग त्याचं नाव गावात कोणीच घेईनासं झालं.

शेवटच्या पावसाळ्यात लामरियाच्या छातीत कफ धरला. आवाज बसला, डुकरं तिने आधीच विकून टाकली होती. शेजारपाजारच्या बायका रीतीपुरत्या डोकावून जात. तिआमिन रोज दुपारी पेजेचा वाडगा घेऊन यायची, दाराशी ठेवायची आणि एखादं टोचून बोलून जायची. त्या दिवशी ती आत आली, कारण लामरियाला उठवत नव्हतं.

"नवऱ्याने पाठवलंय म्हणून आणते," तिआमिन म्हणाली. "माझ्या मनात असतं तर नसतं आणलं."

लामरियाने मान हलवली.

"आणि बरी झालीस की रविवारी उभी राहून माझं नाव घेऊ नकोस. सांगून ठेवते."

लामरियाने दोन घोट घेतले. तिसरा घेतला. वाडगा खाली ठेवला आणि घसा दोनदा साफ केला, शब्द सुटे यावेत म्हणून.

"मीठ बरोबर पडलंय," ती म्हणाली. "जाताना झाकण लाव, मांजर येतं."